हरदासाची कथा मूळपदावर: ‘हरिदास’ (1944) मराठी सबटायटल, प्रकल्प नोंदी

4 मे 2025, रविवार

कामाला तोंड फुटलं म्हणून ही वही. यंदा आषाढी 6 जुलैला, तीही रविवारी. सोसायटीच्या सभागृहात संध्याकाळी भजन असतंच. त्याआधी ‘हरिदास’ दाखवायला कमिटीनं हो म्हटलं. मी त्यांना पहिल्या वाक्यात सांगितलं की पुंडलिकाची गोष्ट आहे. तमिळ आहे हे दुसऱ्या वाक्यात सांगितलं, तोवर होकार येऊन गेला होता.

हे खूळ डोक्यात शिरलं ते होळीला. पुरणपोळ्या घेऊन मामींकडे गेले होते. मामी ‘ए’ विंगमधल्या, मूळच्या कुंभकोणमच्या, डोंबिवलीत पंचेचाळीस वर्षं. डबा रिकामा करता करता काहीतरी गुणगुणत होत्या. मी म्हटलं, “मामी, तुम्हाला ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ येतं?” त्या थांबल्या. “ते कोणतं? हे आमच्या भागवतरांचं. आई म्हणायची.” चाल वेगळीच होती, पण कान फसला तो उगाच नाही. राग एकच, चारुकेशी.

मग त्यांनी चित्रपट सांगितला. एम. के. त्यागराज भागवतर नायक, सुंदरराव नाडकर्णी दिग्दर्शक, गाणी पापनाशम शिवन यांची, वाद्यमेळ जी. रामनाथन यांचा. 1944च्या दिवाळीला मद्रासच्या ब्रॉडवे टॉकीजला लागला आणि तीन दिवाळ्या तिथून हलला नाही. “तीन दीपावली,” मामींनी बोटं दाखवली. “मधे युद्ध संपलं, पिक्चर नाही संपला.”

नाडकर्णी मंगळूरचे, कोकणी बोलणारे, मूकपटांच्या दिवसांत मुंबईत उमेदवारी केलेले. म्हणजे पुंडलिक तमिळ पडद्यावर नेणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा.

7 मे, बुधवार

आधी कायदा बघून घेतला, नंतर डोकेदुखी नको. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. 1944चा चित्रपट म्हणजे 2004 अखेर मोकळा झाला. पण गाण्यांच्या शब्दांचं तसं नाही. तिथं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, आणि शिवन 1 ऑक्टोबर 1973 ला गेले. म्हणजे चित्र मोकळं, शब्द 2033 अखेरपर्यंत बांधलेले. एकाच रिळावरच्या दोन गोष्टींचं वय वेगळं, हे मला फार गमतीचं वाटलं. ठरवलं की फाइल कुठंही चढवायची नाही, गाण्यांचा अनुवाद छापायचा नाही. सभागृह, एक दिवस, बस. या वहीतही गाण्यांचे तोंडचे दोनतीन शब्दच येतील.

10 मे, शनिवार

दिवस फुकट गेला. परवा पहिल्या वीस मिनिटांच्या सबटायटलचे काळ लावले होते, आज दुसऱ्या, जरा स्वच्छ प्रतीवर ते चढवले तर ओठ आणि अक्षरं यांची फारकत. आधी वाटलं मधली दृश्यं कापली आहेत. नंतर ट्यूब पेटली. एक प्रत सेकंदाला चोवीस चौकटींची (फ्रेमची), दुसरी पंचवीसची. चार टक्क्यांचा फरक. पहिल्या मिनिटात कळतही नाही, तासाभरात अडीच मिनिटांचा घोळ होतो, म्हणजे आई रडत असताना खाली रंभेचा, नायकाला भुलवणाऱ्या नर्तकीचा, संवाद. सगळे काळ एका गुणकानं बदलले. पंचवीसची प्रत पक्की केली.

भागवतरांचा आवाज मुळातच उंच पट्टीतला. त्यात चार टक्के वेग म्हणजे जवळजवळ पाऊण अर्धस्वर आणखी वर. मामींना दोन्ही ऐकवले. त्यांनी डोळे मिटून चोवीसच्या प्रतीकडे बोट केलं. झालं, पुन्हा सगळे काळ उलट्या गुणकानं. चित्र जरा मळकट चालेल, सूर नको.

18 मे, रविवार

आजची तारीख मुद्दाम लक्षात ठेवली होती. 18 मे 1912 ला मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वर्षभर आधी. नाटकच कॅमेऱ्यासमोर करून चित्रित केलेलं, म्हणून ‘पहिला भारतीय चित्रपट’ हा मान त्याला द्यायचा की नाही यावर वाद चालतो. तो वाद चालू दे. मला त्यातलं एवढंच हवं की आपल्या पडद्यावर अगदी सुरुवातीला आलेल्या माणसांत पुंडलिक आहे, आणि तो मुका आहे. बत्तीस वर्षांनी तो कोइम्बतूरच्या सेंट्रल स्टुडिओत परत येतो तेव्हा त्याचं नाव हरिदास असतं आणि तो गाण्याचं थांबतच नाही.

मराठी कानाला हे नाव मजेशीर लागतं. आपल्याकडे हरिदास म्हणजे कीर्तनकार, गोष्टीतला नायक नव्हे, गोष्ट सांगणारा. आणि ‘भागवतर’ ही तमिळमध्ये तशीच पदवी, हरिकथा करणाऱ्याला, गाणाऱ्याला लावायची. म्हणजे पोस्टरवर नट आणि पात्र दोघंही कीर्तनकार. माझे वडील बार्शीला कीर्तनाच्या साथीला पेटी वाजवत. बुवा आख्यान सोडून भलतीकडे गेले की वडील हळूच मूळ पदाचा सूर धरून ठेवायचे. बुवांना रस्ता सापडायचा. ‘हरदासाची कथा मूळपदावर’ ही म्हण मला आधी सुरात कळली, अर्थ नंतर.

20 मे, मंगळवार

प्रगती: संवादांचा कच्चा तर्जुमा पहिल्या पस्तीस मिनिटांचा. पद्धत अशी की मामी ऐकतात, मराठीत सांगतात, मी लिहिते, मग त्यांना वाचून दाखवते.

आज एका वाक्यावर मामी म्हणाल्या, “प्रमादम!” मी खोडरबर उचललं. कुठं चुकलं? त्या हसायला लागल्या. तमिळमध्ये ‘प्रमादम’ म्हणजे झकास. आमचा प्रमाद म्हणजे चूक, यांचा प्रमाद म्हणजे वाहवा. तसंच ‘अवसरम’ म्हणजे घाई, ‘अवस्थै’ म्हणजे हाल, आणि जुन्या बोलीत ‘संसारम’ म्हणजे चक्क बायको. संस्कृत शब्द ऐकून मी “कळलं, कळलं” म्हणते तिथंच धोका आहे. आतापासून ओळखीचा शब्द दोनदा विचारायचा, अनोळखी एकदा.

25 मे, रविवार

आज फक्त गाणी.

‘मन्मद लीलैयै’ आधी घेतलं, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. सभेत रंभा नाचते, हरिदास गातो. टी. आर. राजकुमारी रंभा झाली आहे, तंजावरच्या गाण्यानाचण्याच्या घराण्यातली. गाण्याच्या ओघात ती त्याच्याकडे एक उडतं चुंबन फेकते. मामींची आई सांगायची की त्या क्षणाला थिएटरात शिट्ट्या नव्हत्या, सगळे गप्प व्हायचे.

चारुकेशीचं वैशिष्ट्य असं की तिचं अर्धं अंग हसरं आणि अर्धं कळवळ्याचं आहे. खालचे सूर, सा रे ग म, सगळे शुद्ध, बिलावलसारखे मोकळे. पंचमाच्या वर गेलात की धैवत कोमल, निषाद कोमल. भागवतर खाली आहेत तोवर रंगेल आहेत, वर चढले की त्याच ओळीत गयावया आहे. माणूस वेश्येच्या सभेत बसून बढाई मारतोय आणि त्याचा आवाज त्याला न सांगताच पुढचं सांगून टाकतोय. शिवननी हा राग इथं का निवडला असेल याचं दुसरं कारण मला नको आहे. संत त्यागराजांची (भागवतरांची नव्हे) ‘आडमोडि गलदे’ ही या रागातली मोठी कृती, ती मैफिलीतली. घराघरांत चारुकेशी पोचवली ती या गाण्यानं.

पहिल्या ओळीचा अर्थ सरळ आहे: मन्मथाच्या लीलेला जिंकणारा कोणी आहे का? मी लिहिलं, ‘मदनाची लीला जिंकणारा कोण आहे?’ मामींना नाही पटलं. “तू परीक्षेतला प्रश्न विचारतेस. तो विचारत नाही गं. त्याला उत्तर माहीत आहे.” तीनदा बदललं. शेवटी ‘मदनापुढे टिकलाय का कुणी?’ यात ‘लीला’ गेली याचं वाईट वाटतं, पण माणूस आला.

दुसरा प्रश्न पुनरावृत्तीचा. पल्लवीची, म्हणजे ध्रुवपदाची, ओळ भागवतर पाच-सहा वेळा घेतात, दर वेळी संगती वेगळी, म्हणजे शब्द तेच, वळण नवं. दर वेळी खाली अक्षरं दाखवली तर लोक वाचत बसतात आणि वळण हुकतं. ठरवलं: ओळ एकदाच दाखवायची, मग पडदा रिकामा. सबटायटल करणाऱ्यानं कधी गप्प बसायचं हे कुठल्याही नियमावलीत नीट लिहिलेलं नाही.

26 मे, सोमवार

कालचं मनातून जाईना म्हणून शिवन यांच्याबद्दल थोडं. मूळ नाव रामय्या, जन्म 1890, तंजावर जिल्ह्यातलं पोलगम. लहानपण त्रिवेंद्रमला, तिथंच संस्कृत शिकले. नंतर पापनाशमला आले, अंगभर भस्म, म्हणून लोक ‘शिवन’ म्हणू लागले. पुढं मद्रासचं मैलापूर. मार्गळी या तमिळ महिन्यात (डिसेंबर-जानेवारी) पहाटे कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या चार रस्त्यांवरून भजन करत फिरायचे, मागे माणसं. आपल्या काकड्यासारखंच, फक्त थंडी कमी.

चित्रपटात ते आले ‘सीता कल्याणम्’मधून, 1934 साली, आणि तो तमिळ चित्रपट काढला होता आपल्या प्रभातनं, दिग्दर्शक बाबूराव पेंढारकर. हे मी मामींना सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे आमचे शिवन तुमच्याकडून?” असं काही नाही म्हटलं मी, पण आवाजात थोडी ऐट आली असावी.

पहाटे देवासाठी पदं करणारा हा माणूस दुपारी मन्मथाची वकिली लिहितो. त्याला यात विसंगती वाटली नसेल. आपल्या शाहिरांनी एका रात्रीत लावणी आणि गण दोन्ही गायले आहेत.

1 जून, रविवार

पुंडलिक तिकडे गेला कसा, यावर आज मामींशी तासभर. मामींच्या मते कुठूनही यायची गरज नव्हती, आईबाप सगळीकडे असतात. त्यांनी अव्वैयार या जुन्या तमिळ कवयित्रीची ओळ म्हणून दाखवली, तमिळ मुलं शाळेआधी शिकतात ती: ‘अन्नैयुम् पितावुम् मुन्नरि देय्वम्’. आई आणि बाप हेच आधी ओळखायचे देव. चित्रपटातल्या पश्चात्तापाच्या गाण्याचं तोंड ‘अन्नैयुम् तन्दैयुम्’ आहे, आणि त्या दोन शब्दांत प्रत्येक तमिळ माणसाला ही बालपणीची ओळ ऐकू येते. माझ्या सबटायटलमध्ये ती कशी यावी? येणार नाही. ‘आई आणि वडील’ एवढंच येईल.

पण रस्ता होताच. व्यंकोजीराजांपासून तंजावरला मराठ्यांचं राज्य, जवळजवळ पावणेदोनशे वर्षं. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतले रुमाल, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठी शिलालेख. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तनकार तिथं जायचे, त्यांचं ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवी घडण दिली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तं नावांसकट तिथं रुजली. आजही तिथला कथेकरी ‘साकी’ म्हणतो तेव्हा तो आपलाच शब्द उच्चारत असतो. आणि तमिळ भजनमंडळ्यांत शेवटी अभंग होतातच, उच्चार आपल्याला हसू येईल असे आणि ठेका आपल्याला लाजवेल असा.

मामींनी मग माझ्याकडून एक मागितलं. “तुमच्यातलं पुंडलिकाचं एक सांग.” मी तुकोबांचं म्हटलं, ‘कां रे पुंड्या मातलासी । उभें केलें विठ्ठलासी’. अर्थ सांगितला तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा. “पुंड्या? असं म्हणतात?” म्हटलं, पुंड्याच, आणि पुढं विचारतात की अठ्ठावीस युगं झाली, अजून ‘बैस’ म्हणत नाहीस, एवढा कसा रे धीट. मामी खूप वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्या पिक्चरमध्ये हे नाही.”

खरंच नाही. ‘हरिदास’मध्ये भक्ती आहे, अश्रू आहेत, पण देवाशी अशी सलगी नाही.

8 जून, रविवार

आज घराचं राजकारण. कीर्तनात ऐकलेला पुंडलिक असा: काशीला निघालाय, बायको खांद्यावर, म्हातारे आईबाप पायी ओढत. वाटेत कुक्कुटस्वामींचा आश्रम, तिथं मळलेल्या अंगानं येणाऱ्या आणि झाडलोट करून उजळून जाणाऱ्या गंगा, यमुना, सरस्वती. पंधरा मिनिटांत बुवा तिथं पोचतात, कारण त्यांना वीट गाठायची असते.

चित्रपटाला घाई नाही. तिथं आधी घर आहे. हरिदास घोड्यावरून गात गावातून जातो, बायकांकडे बघत, ‘वाळ्विल् ओरु तिरुनाळ्’, आयुष्यातला सणाचा दिवस म्हणे. घरात सासूसुनेची धुसफूस. बायको लक्ष्मी म्हणजे एन. सी. वसंतकोकिलम, स्वतः मोठ्या गायिका. ही सून सासूसासऱ्यांविरुद्ध नवऱ्याचे कान भरते, आईबाप घराबाहेर पडतात, आणि मग रंभा त्याच घरात येते तेव्हा लक्ष्मीला आपलंच घर परकं होतं. पुढं रंभा सगळी मालमत्ता लिहून घेते. पाप करायला नवऱ्याला एक तास मिळतो, पश्चात्तापाला त्याहून बराच कमी.

मला हा चित्रपट इथंच आवडतो. पौराणिक म्हणून विकला गेला, पण त्याची ताकद स्वयंपाकघरात आणि सोप्यावर आहे. वसंतकोकिलम गातात तेव्हा लक्ष्मीचा कजागपणा काही क्षण विसरायला होतं, आणि हे पटकथेच्या विरुद्ध जाणारं असलं तरी मला हवंय. त्या 1951 मध्ये क्षयानं गेल्या, तिशी जेमतेम ओलांडलेली.

अडचण: लक्ष्मी सासूला बोलते ती भाषा. मी पहिल्या खर्ड्यात तिला मालिकांतल्या सुनेसारखं बोलायला लावलं होतं. मामी म्हणाल्या, “एवढं ओरडत नाही ती. सभ्य आहे, म्हणून लागतं.” ‘तुम्ही गप्प बसा’ काढून ‘तुम्हाला काय कमी आहे इथं?’ ठेवलं. मूळ तमिळ वाक्याच्या जवळ आणि जास्त बोचरं.

14 जून, शनिवार

लांबीचा हिशेब. कुणी तरी विचारणारच की जुन्या तमिळ चित्रपटांत ढीगभर गाणी, मग हा दोन तासांत कसा संपतो? भागवतरांच्या पहिल्या ‘पवळक्कोडि’त (1934) पन्नास गाणी होती. पण 1943 पासून कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे सरकारनं कथापटाला 11,000 फुटांची मर्यादा घातली. मिनिटाला 90 फूट, म्हणजे 122 मिनिटं. ‘हरिदास’ त्या चौकटीत बसवलेला आहे, आणि दीड डझनाहून जास्त गाणी असूनही तो रेंगाळत नाही. युद्धानं केलेलं संकलन म्हणायचं.

एन. एस. कृष्णन आणि टी. ए. मधुरम यांचा विनोदी भाग मात्र मला भाषांतरात मेलेला वाटतोय. शब्दांवरच्या कोट्या. दोन जमल्या, बाकी सोडल्या.

17 जून, मंगळवार

पहिला पूर्ण खर्डा सलग वाचला आणि शरमले.

मी नकळत अख्खं पंढरपूर त्यात ओतलंय. ‘भगवान’ आलं की ‘विठू’, ‘स्वामी’ आलं की ‘माउली’, पश्चात्तापाच्या गाण्यात तर ‘चंद्रभागा’ टाकली होती, जिचा त्या ओळीत पत्ता नाही. ‘कृष्णा मुकुंदा मुरारी’ हे गाणं नवरोज रागातलं, खालच्या पंचमापासून मधल्या पंचमापर्यंतच्या जागेत हिंडणारं, झोपाळ्याच्या संथ हिंदोळ्याचं. त्याला मी टाळमृदंगाची भाषा लावली होती. वाचायला छान. पण ती गोष्ट माझ्या वडिलांच्या पेटीवरची होती, शिवन-भागवतरांची नव्हे.

मी मूळपदावर यायची घाई करत होते. हरदासानं यावं. सबटायटलवालीनं नाही.

सगळे ‘विठू’ काढले. पुंडलिक हा शब्द कुठंही नाही, हरिदास तो हरिदास. मुकुंद, मुरारी जसेच्या तसे. चंद्रभागा पुसली. एकूण 61 ठिकाणी बदल.

21 जून, शनिवार

पालख्या निघाल्या आहेत. टीव्हीवर वारी, लॅपटॉपवर हरिदास.

प्रास्ताविकात काय बोलायचं ते आज लिहिलं. भागवतरांच्या तुरुंगवासाचं सांगावं की नाही? 1944च्या नोव्हेंबरात मद्रासला लक्ष्मीकांतन या पत्रकाराचा खून झाला. नटनट्यांच्या खाजगी भानगडी छापणारा माणूस. डिसेंबरात भागवतर आणि कृष्णन दोघांना अटक, मग जन्मठेप. अपील प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, फेरसुनावणी झाली, 1947च्या एप्रिलमध्ये दोघं निर्दोष सुटले. म्हणजे ब्रॉडवेत ‘हरिदास’च्या तीन दिवाळ्या झाल्या त्यातली पहिलीच भागवतर बाहेर होते. पुढच्या दोन दिवाळ्यांत पडद्यावर रोज हा माणूस माजतो, पडतो, क्षमा मागतो, घरी परत येतो. आणि तिकडे कोठडीत.

मामींच्या आईनं तिसऱ्या दिवाळीत पाहिला होता. त्या सांगायच्या की तेव्हा ‘अन्नैयुम्’ला लोक हरिदाससाठी रडत नव्हते.

सुटल्यावर भागवतरांनी पुन्हा चित्रपट काढला, ‘राजमुक्ति’ (1948), आणि तो पुण्यात केला. संवाद लिहायला आलेले पुदुमैप्पित्तन, तमिळ कथेतलं मोठं नाव, त्यांना पुण्यातच क्षयानं गाठलं आणि त्याच वर्षी ते गेले. चित्रपटही चालला नाही. भागवतरांना पहिले दिवस पुन्हा दिसले नाहीत, 1959 मध्ये तेही गेले. एकूण चौदा चित्रपट. मला वाटायचं पुणे म्हणजे या गोष्टीतला अभिमानाचा धागा, प्रभात वगैरे. हा दुसरा धागाही पुण्याचाच.

प्रास्ताविकात तुरुंगाचं दोन वाक्यांत सांगायचं, चित्रपट संपल्यावर. आधी सांगितलं तर लोक खुन्याचा चेहरा शोधत बसतील.

28 जून, शनिवार

सभागृहात चाचणी. प्रोजेक्टरवाल्याच्या संगणकात मराठी जोडाक्षरं फुटली: ‘मुकुन्द’मध्ये न वेगळा, द वेगळा, आणि ‘हरिदास’ची वेलांटी दुसऱ्याच अक्षरावर. फाइल चित्रातच भाजून घेतली, आता कुठंही उघडली तरी तशीच दिसेल. मागच्या रांगेतून वाचता येत नव्हतं, अक्षर मोठं केलं, काळ्या-पांढऱ्या चित्रावर पांढरी अक्षरं गुंतत होती म्हणून कडेला काळी रेघ. दोन ओळी, ओळीला पस्तीस अक्षरं, जास्त नाही.

मामींनी पहिल्यांदाच सलग पूर्ण पाहिला. मराठी सबटायटल वाचत पाहिला, हे विशेष.

6 जुलै, रविवार, आषाढी

पाऊस. साठेक माणसं. साबुदाण्याच्या खिचडीचा वास पूर्ण वेळ.

सुरुवातीला कुजबुज, “सगळं गाण्यातच बोलतात का हो हे?” पहिल्या अर्ध्या तासानं थांबली. आईबाप घराबाहेर पडले तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजी मोठ्यानं म्हणाल्या, “मेल्या!” हे सबटायटल मला सुचलं नव्हतं. ‘मन्मद लीलैयै’ला खरोखर शांतता, आणि पडदा रिकामा ठेवल्याचं सार्थक, लोक वर बघत होते, खाली नाही. विनोदी भागात एक जण हसला, तो मामींचा मुलगा.

हरिदास पाय गमावून सरपटत येतो तिथं लहान मुलं घाबरली. मोठी माणसं जास्त घाबरलेली दिसली. सभागृहात बऱ्याच जणांचे आईवडील गावी एकटे आहेत.

संपल्यावर भजनी मंडळाचे काका पेटी उघडत म्हणाले, “सगळं ठीक, पण ताई, तुमच्या अक्षरांत एकदाही विठ्ठल नाही. आषाढीला?” मी म्हटलं, “गाण्यात मुकुंद आहे काका, मुरारी आहे.” ते म्हणाले, “ते आहे. पण विठ्ठल नाही.” पुढं काय बोलावं मला कळेना. मामी मधेच म्हणाल्या, “आता तुम्ही म्हणा ना ते. पुंड्यावालं.”

काकांनी म्हटलं. मामींनी टाळ घेतले. ठेका त्यांनी धरला तसा आमच्यात कुणाला धरता आला नाही.

8 जुलै, मंगळवार

दुरुस्त्या, पुढच्या वेळेसाठी. 43व्या मिनिटाला दोन ओळी एकमेकींवर चढतात. ‘तुम्हाला काय कमी आहे इथं?’ हे अर्धा सेकंद आधी यायला हवं, लक्ष्मीचा चेहरा वळायच्या आत. कृष्णन-मधुरमच्या दोन कोट्याही काढाव्यात की काय. मुख्य गाण्याला ‘लीला’ परत आणता येते का, पुन्हा बसायचं.

मामींकडे फाइलची प्रत पोचवली. त्यांनी तुकोबांचा अभंग तमिळ अक्षरांत लिहून घेतलाय. तमिळमध्ये ‘प’ आणि ‘ब’ला अक्षर एकच, ‘ड’ आणि ‘ट’लाही एकच, त्यामुळं वाचताना पुंड्याचा कधी बुंड्या होतो, कधी पुंट्या. मी दुरुस्त करायला गेले तर म्हणाल्या, “राहू दे. उभा आहे ना तो? त्याला कळतं.”